इस्त्री

ऑरिनचा नियम होता:
पुरुषांना टाय, बायकांना स्कर्ट,
च्युइंगगम नाही, हसणं नाही,
कुणी थुंकलं तर रुमाल काढायचा,
पुसायचं, आणि पुढचं पाऊल टाकायचं.

ऑरिन ड्वोराक. बारा वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले त्यानं,
मग एका सकाळी टेबलावर त्याची पेन्सिलसुद्धा उरली नव्हती.
कारण लेखी दिलं नाही.
लेखी द्यायचं तर त्यांना त्या कारणाचं नाव घ्यावं लागलं असतं.

मी मिचेल रस्त्यावरच्या लॉन्ड्रीत होते, वाफेच्या इस्त्रीवर.
आदल्या रात्री मालक गेल्यावर
मागच्या दारानं नऊ जणांचे कपडे आत घेतले.
सहा शर्ट, सहा पँटी, तीन स्कर्ट.
तिसरा माझा, म्हणजे माझ्या बहिणीचा.
चर्चला जायचंय, असं सांगून मागितलेला.
अगदीच खोटं नव्हतं ते,
चर्चच्या भिंतीपाशीच तर जमायचं ठरलं होतं.

पँटीची धार अशी काढली
की बोट कापावं.

आई म्हणायची, चार लोक काय म्हणतील!
आम्ही नऊ होतो.
मिलवॉकीत त्या शनिवारी तळ्यावरून वारा सुटलेला,
दारूभट्टीच्या यीस्टचा आंबूस वास सगळ्या गावावर,
आणि सिटी हॉलसमोर आम्ही गोल गोल फिरत होतो,
घाण्याच्या बैलांसारखे,
फक्त तेल निघत नव्हतं.
समोरच्या फुटपाथवर एक आजोबा सँडविच खात बघत होते.
त्यांनी एकदाच विचारलं,
"विमा कंपनीचा संप का हो?"

सगळ्यात मागे एमेट होता. शाळेत भूगोल शिकवायचा.
त्यानं आपला फलक छातीशी न धरता
तोंडापुढं धरला होता.
अक्षरं चालत होती, खाली दोन चकचकीत बूट.
कोणी काही बोललं नाही त्याला.
पहिली फेरी. दुसरी.
पाचवीला वारा थांबला, की त्याचे हात दुखले,
मला खरंच माहीत नाही.
फलक हळूहळू खाली आला,
आधी कपाळ, मग चष्मा,
मग तो सगळाच.
नेमका तेव्हाच वर्तमानपत्राच्या माणसानं कॅमेरा उचलला.

छापून आलेला फोटो टपाल तिकिटाएवढा.
तेवढा पुरला.
बुधवारी एमेटच्या वर्गात दुसरे मास्तर उभे.
तो डुलुथला गेला, धान्याच्या गोदामात पोती मोजायला.
दर नाताळात पत्र यायचं, एकाच ओळीचं:
"लिओकाडिया, पँटीची धार अजून टिकून आहे."
चौदा नाताळ आली. पंधराव्याला पत्र नाही.

बहिणीचा स्कर्ट मी परत केलाच नाही.
मला तो अजिबात आवडत नव्हता, तरीही.

काल मोर्च्यानंतर एक पोरगी आली घरी,
थिओडोरा, डोकं अर्धं भादरलेलं,
फोन टेबलावर ठेवून म्हणाली, बोला.
मी बोलले. ती मध्येच रागावली.
"त्यांनी सांगितलेले कपडे घालून
त्यांच्याच दारात? लाज नाही वाटली?"

वाटली ना. गुडघ्यांना थंडीही वाटली.
पण पोरी, ते राक्षस बघायला येणार होते,
आणि आम्हाला त्यांना नऊ कारकून दाखवायचे होते.
तेवढंच हत्यार होतं घरात.
त्यापायी दोघांना येऊ दिलं नाही ऑरिननं,
एकाच्या ओठांना रंग होता,
दुसऱ्याकडे कोट नव्हता.
हे पण लिही. विसरू नकोस.

ती बराच वेळ गप्प होती.
तिचा शर्ट बोळा करून पिशवीतून काढल्यासारखा,
शंभर सुरकुत्या, एक बटण गायब.
माझा हात आपोआप इस्त्रीच्या फडताळाकडे गेला,
चौऱ्याऐंशी वर्षांचा हात, त्याला दुसरं काय येतं?

"असाच घालतात हा," ती म्हणाली.

असाच?
असाच.

मी फडताळ लावून घेतलं.
चहा ठेवला.
ती निघाली तेव्हा खिडकीतून बघत राहिले,
भर रस्त्यातून, चारचौघांत,
तो चुरगळलेला शर्ट कोपऱ्यावरून वळेपर्यंत.